पाळ शाबूत, पाणी आटलेले : लेखांक सहावा

1845 साली नागपुरास आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून सुरू झालेले स्कॉटिश मिशनचे कार्य शाळा व दवाखाने यांच्या वाटेने भंडाऱ्यापर्यंत कसे पोहोचले, ते गेल्या लेखांकात आपण पाहिले. त्या इतिहासाच्या उत्तरार्धाकडे वळताना एका प्रश्नाला बगल देता येत नाही. ज्या मंडळीचे मंदिर उभे आहे, जिचे दफ्तर चोख आहे, बाप्तिस्म्याची व विवाहाची नोंदवही जिच्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आहे, त्याच मंडळीतील उपासकांची संख्या, आणि संख्येहूनही अधिक त्यांची अंतरीची तळमळ, वर्षागणिक का ओसरावी, आणि ओसरलेली ती तळमळ पुन्हा कशी यावी?

आम्हां सानगडी-साकोलीकडच्या लोकांना ही अवस्था समजावून देण्यास फार दूरचा दृष्टांत नको. कोहळी पूर्वजांनी बांधलेल्या मालगुजारी तलावांपैकी एखाद्याची पाळ आजही इतकी भक्कम असते की तिच्यावरून बैलगाडी जाते. परंतु पोटात गाळ साचून गेल्यामुळे पावसाळा सरताच पाणी आटते आणि खालच्या धानाला पाट पोहोचत नाही. अशा तलावाच्या पाळीवर आणखी माती घालणारा मनुष्य आळशी नसतो, पण त्याचे श्रम वाया जातात. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिस येथील मंडळीवर जो ठपका ठेवला आहे, तोही श्रमांत किंवा सहनशीलतेत कसूर केल्याचा नाही. आरंभीची प्रीती सोडल्याचा आहे.

आपल्या प्रांतात हा गाळ साचला त्याची कारणे गूढ नाहीत. पाळकाचा तनखा दीर्घकाळ परदेशातील मिशनकडून येत राहिला, त्यामुळे प्रार्थना करणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, शेजाऱ्याला आपल्या श्रद्धेचे कारण सांगणे ही कामे पगारी माणसाची आहेत अशी वहिवाट नकळत पडली. स्वातंत्र्यानंतर मिशनरी परतले, पैशाचा ओघ आटला, शिकलेली मुले नागपूर-रायपूर-मुंबईकडे गेली, आणि मागे राहिलेल्या पंचांच्या बैठकांत इमारती व जागा यांचेच विषय चर्चेला येऊ लागले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच सहा पंथांनी एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन केली, ही घटना आम्ही अभिमानाने सांगावी अशीच आहे. तथापि एकत्रित कारभाराने भिंती पडतात, अंतःकरणे पेटतीलच असे नाही, हे त्यानंतरच्या अर्धशतकाने पुरेसे दाखविले आहे.

मग अंतःकरणे पेटतात कशाने? याचे उत्तर शोधण्यासाठी वेल्सला जाण्याची गरज नाही, जरी 1904 मध्ये तेथील खाणकामगारांच्या गावांतून उठलेल्या संजीवनाची वार्ता आपल्याकडेही पोहोचली होती. उत्तर पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आहे. पंडिता रमाबाईंनी 1897 च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात फिरून, म्हणजे ज्या प्रांतात तेव्हा आपला भंडारा जिल्हा होता त्या प्रांतात फिरून, उपाशी मुली व विधवा यांना आश्रय दिला, आणि त्यांतून मुक्ती सदनाचा संसार वाढत गेला. शेती, विणकाम, छापखाना, शाळा, सर्व काही तेथे नीट चालले होते. कोणत्याही तपासनीसाने उत्तम शेरा द्यावा अशा या संस्थेत रमाबाईंना मात्र एक उणीव बोचत होती: आपल्या मुली ख्रिस्ताचे नाव घेतात, पण त्याच्या सामर्थ्याने जगतात काय? जानेवारी 1905 मध्ये त्यांनी एक प्रार्थनामंडळ सुरू केले. आरंभी सुमारे 70 जणी त्यात होत्या. मध्यंतरी काही महिने लोटले, डोळ्यांत भरेल असे काहीच घडले नाही, तरी प्रार्थना थांबली नाही आणि जूनपर्यंत सुमारे 550 जणी दिवसातून दोन वेळा जमू लागल्या. त्या महिन्याच्या अखेरीस जे घडले त्यात अश्रू होते, पापांची उघड कबुली होती, शेकडो कंठांतून एकाच वेळी निघालेली प्रार्थना होती. आणि पुढे याच मुलींच्या टोळ्या शुभवर्तमान सांगण्यास आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या.

त्या दिवसांतील आक्रोश व हर्ष यांचेच वर्णन अनेकजण करतात, आणि आजही काही ठिकाणी मोठा मांडव, ध्वनिक्षेपक व बाहेरगावचा वक्ता आणून त्याच आवाजाची पुनरावृत्ती करण्याचा यत्न होतो. मला त्यापूर्वीचे महिने अधिक महत्त्वाचे वाटतात. ज्यांना समाजाने टाकले होते, ज्यांच्या नावे कसलाही अधिकार किंवा वेतन नव्हते, अशा स्त्रियांच्या मुखी प्रार्थना सोपविण्यात आली. ती एका पगारी व्यक्तीकडे राहिली नाही. केडगावचे संजीवन मला या एका गोष्टीत दिसते.

दुसरा दाखला तर आपल्या दारावरून गेलेला आहे. 1893 मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने निघाले असता डब्यातील एका अनोळखी इंग्रज प्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. ही गाडी भंडारा रोड स्थानकावरूनच पुढे जाते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी पुढे मिशनचा मान्यवर सेवक झाला, आणि तरीही 1917 मध्ये त्याने ती नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसू शकत. टिळकांनी मिशनचा द्वेष केला नाही. पण मराठी मनुष्याने ख्रिस्ताकडे अभंगाच्या, भजनाच्या, कीर्तनाच्या वाटेने यावे, आणि त्याची भक्ती कोणाच्या तनख्यावर अवलंबून नसावी, हा त्यांचा आग्रह होता. 1919 च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले व दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची पदे मात्र ज्या मंडळीत पुस्तक न उघडता म्हटली जातात तेथे आजही उपासनेत ऊब असते, असा माझा अनुभव आहे.

यावर कोणी म्हणेल की आवेश क्षणिक असतो. असतो खरा, परंतु केडगावचा आवेश कोठे गेला ते पाहावे. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषा आत्मसात करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले, सदनातील स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापावयास घेतले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवण्यापूर्वी अल्पावधीतच त्यांनी ते काम पुरे केले. अल्पशिक्षित बाईलाही शास्त्र स्वतः वाचता यावे, हा त्यामागील हेतू होता.

तेव्हा पंधरा-वीस कुटुंबांच्या खेड्यातील मंडळीने नव्या इमारतीचा वर्गणीखर्डा तूर्त बाजूस ठेवून आठवड्यातील एक संध्याकाळ घरोघर फिरत्या प्रार्थनेला द्यावी. त्या संध्याकाळी पाळकाने शेवटी बोलावे, किंवा बोलूही नये. ज्या घरी बैठक असेल त्या घरच्या आजीने किंवा शाळकरी नातवाने वचन वाचावे. आणि आपसांत अबोला धरलेल्या दोन घरांचा समेट होईपर्यंत प्रभुभोजनाला बसण्याची घाई करू नये. अशा बैठकीत कोणती गीते गावीत आणि पेटी-तबल्याची साथ असावी की नसावी, या वादाचा विचार पुढील आठवड्यात करू.