टेहळणीची गाडी

सैन्य कितीही बलाढ्य असले, तरी समोरच्या टेकडीपलीकडे काय आहे हे त्याला ठाऊक नसेल, तर ते नकळत शत्रूच्या तोंडी जाऊन पडते. म्हणून मुख्य सैन्याच्या पुढे टेहळणीची पथके धाडण्याची रीत फार जुनी आहे. पूर्वी हे काम घोडेस्वार करीत. विसाव्या शतकात यंत्रबंदुकांच्या माऱ्यापुढे घोड्याचा टिकाव लागेना. तेव्हा त्याची जागा हलक्या चिलखती मोटारीने घेतली.

इंग्लंडमधील डेमलर कारखान्याची 'डिंगो' ही अशीच एक नामांकित मोटार. डिंगो हे ऑस्ट्रेलियातील रानकुत्र्याचे नाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९ ते १९४५) अशा साडेसहा हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आफ्रिकेच्या वाळवंटात आणि युरोपच्या रणभूमीवर त्यांनी टेहळणी केली.

ही गाडी जेमतेम दहा फूट लांब, पाच फूट उंच आणि सुमारे तीन टन वजनाची असे. तीत दोघेच बसत : चालक आणि गाडीप्रमुख. पुढचे चिलखत ३० मिलिमीटर जाड असे. बंदुकीची गोळी त्यावर आपटून पडे, परंतु रणगाड्याच्या तोफेपुढे ते निरुपयोगी ठरे. धावा जवळजवळ भरीव रबराच्या असल्याने गोळी लागली तरी चाक बसत नसे. शस्त्र म्हणून एक ब्रेन यंत्रबंदूक असे; मात्र तिचा उपयोग आत्मरक्षणापुरताच. लढणे हे या गाडीचे कामच नव्हते.

मग तिचे काम कसे चाले? टेकडीचा चढ चढताना चालक माथ्याच्या अलीकडेच गाडी थांबवी. गाडी चढाआड लपलेली राही आणि गाडीप्रमुख तेवढे डोके वर काढून दुर्बिणीने पलीकडचा मुलूख न्याहाळी. एंजिन बंद केले, की दूरवरची घरघरही कानी पडे. धुळीच्या वाटेवर वेग आवरावा लागे, कारण उडालेला धुरळा शत्रूला दुरूनच वर्दी देई. शक्य तेव्हा दोन गाड्या जोडीने जात. एक पुढे सरके, तेव्हा दुसरी आडोशाला राहून पहारा करी.

शत्रू दिसताच गाडीप्रमुख बिनतारी यंत्रावरून वार्ता कळवी : काय दिसले, किती, कोठे, किती वाजता आणि कोणत्या दिशेने चालले आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाने ताडलेले यांची तो गल्लत होऊ देत नसे. त्याच्या एका चुकीच्या शब्दापायी मागून येणाऱ्या शेकडो सैनिकांचे प्राण धोक्यात आले असते.

या गाडीचा एक विशेष ऐकून तुम्हांला नवल वाटेल. तिला पुढे जाण्यासाठी पाच गती होत्या, तशाच मागे येण्यासाठीही पाच होत्या. मान वळवून मागे पाहता यावे म्हणून चालकाचे आसनही किंचित तिरके बसविलेले असे. अरुंद रस्त्यावर तोफ समोर आली, तर गाडी वळविण्यास उसंत कोठली? ती आली तशीच वेगाने मागे फिरे. अशी माघार भित्रेपणाची नव्हे. बिनतारी यंत्र बंद पडले, तर शत्रूची वार्ता त्या दोघांपाशीच उरे. आणि ते सुखरूप परतले, तरच ती सैन्याच्या हाती पडे.

आज आकाशातून पाहणारी वैमानिकरहित विमाने आणि उपग्रह टेहळणीच्या कामी येतात. तरीही जगातील अनेक सैन्ये चिलखती टेहळणी गाड्या बाळगून आहेत. साधने बदलली, परंतु जे पाहिले ते नीट पाहून, आहे तसे आणि वेळेवर सांगणे, हा टेहळ्याचा धर्म मात्र बदललेला नाही.