विश्लेषण : शेगावच्या तलावावर ‘फ्लेमिंगो’? आधी चोच बघा

‘आपल्या तलावावर फ्लेमिंगो आले!’ असा संदेश आणि सोबत लांबून काढलेला धूसर फोटो. हिवाळा सरता सरता विदर्भात असे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. बहुतेक वेळा तो पक्षी वेगळाच निघतो. पण दर वेळी नाही.

रोहित शेगावकडे येऊ शकतो का?
येऊ शकतो. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. त्याची नेहमीची ठिकाणे म्हणजे कच्छचे रण, ठाण्याची खाडी, उजनी आणि जायकवाडी. पण तो रात्री उडतो आणि एका रात्रीत चार-पाचशे किलोमीटर सहज कापतो. ठाण्याच्या खाडीपासून शेगाव सरळ रेषेत साधारण सव्वाचारशे किलोमीटर आहे! वाट चुकलेला किंवा दमलेला एखादा पक्षी पाझर तलावावर उतरला, तर ते नवलाचे असले तरी अशक्य नाही.

मग घोटाळा कुठे होतो?
चित्रबलाकात. हा आपल्याकडचाच करकोचा. त्याच्या शेपटीजवळची पिसे सुरेख गुलाबी असतात आणि तेवढ्यावरच लोक फसतात. त्याची चोच लांब, जाड, पिवळी असते, चेहरा नारिंगी आणि छातीवर काळा पट्टा. रोहितची चोच मात्र मधोमध मोडल्यासारखी खाली वळलेली. खाताना तो डोके उलटे करून चोच पाण्यात फिरवतो; असे करणारा दुसरा उंच पक्षी आपल्या तलावांवर नाही.

उडताना मान पाहा, असे अनेक जण सांगतात. राखी बगळा मान दुमडून उडतो, रोहित ताठ ठेवतो, हे खरे. पण चित्रबलाकही मान ताठच ठेवतो, तेव्हा ही एकच खूण पुरेशी नाही.

गुलाबी नसेल तर?
तरीही तो रोहित असू शकतो. रोहितची पिल्ले राखाडी-तपकिरी असतात. गुलाबी रंग खाद्यातल्या रंगद्रव्यांतून हळूहळू चढतो. याच जिल्ह्यातले लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेला पाण्यात खारटपणात जगणारे गुलाबी सूक्ष्मजीव सापडले होते. त्यांच्यातली रंगद्रव्येही त्याच कुळातली.

मोठा की छोटा?
मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळे. छोट्याची जवळपास सगळी चोच गडद. छोटा मुख्यतः खाऱ्या पाण्यातल्या शेवाळावर जगतो, म्हणून गोड्या पाण्याच्या तलावावर तो जास्तच अनपेक्षित. शेगाव खारपाणपट्ट्यात असले तरी खारे आहे ते जमिनीखालचे पाणी. पावसाने भरलेला तलाव खारा नसतो.

फोटो कसा काढावा?
बाजूने, चोच आणि पाय दिसतील असा. उडताना पंखांचा मिळाला तर उत्तमच. तारीख, वेळ, तलावाचे नाव लिहून ठेवा आणि ‘ई-बर्ड’वर नोंदवा, वेगळी नोंद असली की तिथले जाणकार तपासतात. दुसरीकडचा जुना फोटो ‘आपल्याकडचा’ म्हणून टाकला की मात्र खरी नोंदही संशयात सापडते, आणि पुढे त्या पाणथळीसाठी भांडायची वेळ आली तर हाती काही उरत नाही.

जवळ जाऊ नका, ड्रोन तर नकोच. दमलेला पक्षी पुन्हा पुन्हा उडवला तर त्याची उरलीसुरली ताकद जाते. जखमी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पायात कडे दिसले, तर त्यावरची अक्षरे फोटोत नक्की टिपा: तो पक्षी कुठून निघाला, हे त्यावरूनच कळते.