भाताच्या देशातील लाल वाइन

भात, मासळी आणि सोयाबीनचे आंबवलेले पदार्थ हे जपानी आहाराचे प्रमुख आधार होत. शतकानुशतके या आहाराच्या जोडीला तांदळापासून तयार केलेले ‘साके’ हे मद्य होते. गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेविअर १५४९ साली जपानला पोहोचले. त्या सुमारास पोर्तुगीजांमार्फत द्राक्षमद्याची ओळख तेथील सरदारांना झाली. तथापि, जपानी द्राक्षांपासून वाइन तयार करण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू झाला. आज ‘मस्कत बेली ए’ या काळ्या द्राक्षापासून केलेली हलकी लाल वाइन जपानी भोजनाशी जुळणारी म्हणून ओळखली जाते. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. आपल्या हवेला व आपल्या अन्नाला अनुरूप असे पीक एका ग्रामस्थाने कसे निर्माण केले, हे जाणून घेणे मात्र उद्बोधक ठरेल.

अंगणातील द्राक्षमळा

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर निईगाता हा भातशेतीचा प्रांत आहे. तेथील ताकादा परिसरात हिवाळ्यात प्रचंड हिमवर्षाव होतो. फेब्रुवारी १९४५ मध्ये ताकादा येथे पावणेचार मीटरहून अधिक उंच बर्फ साचल्याची नोंद आहे. या परिसरातील एका जमीनदार घराण्यात १८६८ साली कावाकामी झेम्बेई यांचा जन्म झाला. (जपानी प्रथेनुसार आडनाव प्रथम लिहिले आहे.) वडिलांच्या निधनामुळे बालवयातच घराण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. भाताचे पीक बुडाले की कुळांची होणारी दैना त्यांनी जवळून पाहिली होती. भातखाचरांना हात न लावता, डोंगरउतारावरील निकृष्ट जमिनीत येईल असे दुसरे पीक गावाला मिळावे, या विचाराने त्यांनी द्राक्षाची निवड केली. १८९० साली त्यांनी आपल्या वाड्यापुढील बाग मोडून तेथे वेली लावल्या. ‘इवानोहारा’ या नावाने हा मळा आजही प्रसिद्ध आहे.

आरंभी अडचणी अनेक आल्या. द्राक्षरस आंबताना उष्णता निर्माण होते आणि ती आवरली नाही तर वाइन बिघडते. त्या काळी शीतयंत्रे सर्रास उपलब्ध नव्हती. कावाकामी यांनी संकटालाच साधन केले. १८९८ साली बांधलेल्या दगडी तळघराला जोडून त्यांनी बर्फाची कोठी केली. हिवाळ्यात भरून ठेवलेल्या बर्फाने तळघर थंड राखण्याची ही युक्ती होती.

पावसाशी झुंज

खरा प्रश्न वेलीचा होता. नाशिक, सांगली किंवा विजयपूर भागातील बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करतात. त्यामुळे घड पावसाळा संपल्यावर, कोरड्या हवेत पिकतात. जपानमधील शेतकऱ्याला ही सोय नाही. तेथे हिवाळ्यात वेल निद्रिस्त असते. उन्हाळ्याच्या आरंभी फळ धरू लागते तोच पावसाची झड लागते, आणि काढणीच्या सुमारास वादळे येतात. केवडा, करपा यांसारख्या रोगांना अशी हवा पोषक असते. म्हणूनच जपानमध्ये वेली उंच मांडवावर चढवून हवा खेळती ठेवण्याची, तसेच घडांवर कागदी छत्र्या बांधण्याची पद्धत पडली.

युरोपातील उत्तम जाती या दमट हवेत टिकत नसत. अमेरिकन जाती काटक होत्या. पण त्यांच्या मद्याला उग्र वास येई. आपल्याकडील ‘बंगलोर ब्ल्यू’ द्राक्षाचा विशिष्ट वास ज्यांना परिचित आहे, त्यांना या अमेरिकन वंशाच्या गंधाची कल्पना येईल. एका वंशाची काटकता आणि दुसऱ्याची चव एकाच वेलीत आणणे, हाच मार्ग उरला होता.

दहा हजारांतून बावीस

अनुवंशशास्त्राचे नियम अभ्यासून कावाकामी यांनी १९२२ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, संकराचे पद्धतशीर प्रयोग हाती घेतले. एका जातीच्या फुलातील पुंकेसर काढून टाकायचे, त्यावर दुसऱ्या जातीचा पराग घालायचा, बी रुजवून वेल वाढवायची आणि फळ येईपर्यंत काही वर्षे वाट पाहायची, असे हे काम होते. त्यांनी दहा हजारांहून अधिक संकर केले. त्यांतून अवघ्या बावीस जाती उत्तम ठरल्या.

१९२७ साली त्यांनी ‘बेली’ आणि ‘मस्कत हँबर्ग’ या दोन जातींचा संकर केला. बेली ही टेक्सासमधील द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मनसन यांनी निर्माण केलेली काटक जात. मस्कत हँबर्ग ही युरोपीय वंशाची सुगंधी, काळी जात. या संकराच्या वेलीला १९३१ साली पहिले फळ आले. तीच ‘मस्कत बेली ए’ होय. या दीर्घ उद्योगात घरची संपत्ती खर्ची पडली. १९३४ साली आजच्या ‘सनटोरी’ उद्योगाचे संस्थापक तोरी शिंजिरो यांच्या सहकार्याने मळ्याची कंपनी स्थापन झाली, त्यामुळे काम तगले. १९४४ साली कावाकामी निवर्तले. आपल्या शोधाचे पेटंट घेऊन तो अडवून न ठेवता त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. पुढे ही जात यामानाशीसह अनेक प्रांतांत पसरली. तिची द्राक्षे खाण्यासाठीही विकली जातात.

उणेपणाचा गुण

या द्राक्षाच्या वाइनचा रंग फिकट माणकासारखा असतो. तिला स्ट्रॉबेरीची आठवण करून देणारा गोडसर गंध येतो. ‘फ्युरेनिऑल’ या संयुगामुळे तो येतो. साल व बियांतून उतरणारा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, तिच्यात कमी असते. गडद आणि भरदार युरोपीय वाइनच्या मापाने मोजता हे सारे उणेपणच वाटे.

परंतु माप बदलले की मोलही बदलते. कच्च्या टूना माशाचे काप, सोयासॉस व ‘मिरिन’ या गोड पाकात घोळवून निखाऱ्यावर भाजलेले कोंबडीचे तुकडे, त्याच रसाने माखून भाजलेली वाम, अशा पदार्थांच्या नाजूक चवीवर तुरट वाइन मात करते. हलकी वाइन तसे करीत नाही. तिचा गोडसर गंध सोयासॉसच्या खारट-गोड चवीशी जुळतो. मासळीसोबत काही वाइन घेतल्यास तोंडात हिवस वास का राहतो, याचाही उलगडा जपानमध्येच झाला. वाइनमधील लोहाचा अंश हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे तेथील संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले.

नावाला मान

२०१३ साली फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय द्राक्ष व मद्य संघटनेने ‘मस्कत बेली ए’ची अधिकृत नोंद केली. त्यामुळे युरोपात जाणाऱ्या बाटलीवर या जातीचे नाव छापता येऊ लागले. पूर्वी परदेशातून आणलेल्या द्राक्षरसाची वाइनही जपानमध्ये तयार झाली म्हणून देशी ठरे. ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमानुसार केवळ जपानमध्ये पिकलेल्या द्राक्षांच्या, तेथेच तयार झालेल्या वाइनलाच ‘जपानी वाइन’ म्हणता येते. या नियमाने द्राक्ष पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या श्रमाला नाव मिळाले.

गोव्यातील काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही हेच तत्त्व आहे. पदार्थाची खरी ओळख त्याच्या मातीत असते. परक्या मापाने हलकी ठरलेली वस्तू आपल्या ताटाशेजारी ठेवून पाहावी, मगच तिची किंमत करावी. वाड्यापुढील बाग मोडून वेली लावणाऱ्या त्या जमीनदाराची कथा आपल्याकडील शेतकरी, शिक्षक आणि कृषिकार्यकर्ते यांनी म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखी आहे.