कोल्हापुरी चप्पल विकत घेताना

महागावकरांना माहूरगड म्हणजे अंगणातलाच. परंतु देवीच्या साडेतीन पीठांची यात्रा करायची, तर कोल्हापूर गाठावेच लागते. आणि अंबाबाईचे दर्शन घेतलेला यात्रेकरू चपलांचा एखादा जोड घेतल्यावाचून सहसा परतत नाही. ही खरेदी डोळसपणे कशी करावी, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. अस्सल कोल्हापुरीचे कातडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांत कमावलेले असते. तळाला म्हशीचे जाड कातडे, तर वरच्या वेणीला शेळीचे मऊ कातडे वापरतात. खिळा मारीत नाहीत. चामड्याच्या वादीनेच शिवतात. कातडे कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाचे, कापण्या-शिवण्याचे चांभार समाजाचे. वेणी विणण्याचे आणि शिलाईचे पुष्कळसे काम घरच्या स्त्रिया करतात. म्हणजे एका जोडामागे अनेक हात असतात आणि दुकानात त्यांपैकी एकही दिसत नाही.

आता पारख. चप्पल उलटी करून तळ पाहावा. वादीची शिवण दिसली पाहिजे. कडेला कातड्याचे तंतू दिसावेत. कापडाचे अस्तर दिसले, तर ते रेक्झीन समजावे. वास चामड्याचा यावा. नवा जोड पायाला थोडा कडक लागतो, तो दोष नव्हे. तेल लावून वापरला की मऊ होतो. पावसापाण्यात मात्र तो घालू नये.

नावाचीही गोष्ट ध्यानात ठेवावी. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ साली झाला व २००३ पासून अमलात आला. त्याखाली २०१९ साली कोल्हापुरी चपलेची नोंद झाली. या नोंदीत महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. तेव्हा अथणीच्या कारागिराने केलेला जोड नकली, असे कोणी सांगितले तर मानू नये. कारागिराच्या हाताला सरहद्द नसते.

परंतु हा कायदा नावाचे रक्षण करतो, आकाराचे नव्हे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीने मिलान येथे अगदी अशाच चपला मांडल्या आणि त्यांना नुसते ‘चामड्याचे सँडल’ म्हटले. ओरड झाली, तेव्हा कंपनीने त्यांचे मूळ भारतीय हस्तकलेत असल्याचे मान्य केले. नाव झाकले की कारागीरही झाकला जातो, हे या प्रकरणाने जगाला दाखवले.

आता आमच्या जिव्हाळ्याचा प्रश्न : किंमत. गिरणीतल्या कामगाराची हजेरी लागते, पगाराचा दिवस ठरलेला असतो. घरी बसून वेणी विणणाऱ्या बाईला दर जोडामागे मिळतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात अशा नगावरच्या कामालाही किमान दर ठरवण्याची सोय होती, आजच्या वेतन संहितेतही आहे. पण हजेरीपट नाही, मालक कोण याचा पत्ता नाही, तेथे तो दर वसूल करणार कोण? संघटना नसेल तर कायदा कागदावरच राहतो.

अशा स्थितीत आपण दुकानात घासाघीस करतो. दुकानदाराचे भाडे कमी होत नाही, कातड्याचा भाव कमी होत नाही. मग पुढच्या मालाला दर कापायचा झाला, तर तो बहुधा मजुरीतूनच कापला जातो. घासाघीस करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. रेक्झीनला चामड्याचा भाव सांगणाऱ्याशी जरूर करावी. पण खऱ्या मालाला खरा भाव द्यावा.

यासाठी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावू या : कातडे कोणते, जोड कोणत्या गावी झाला आणि पावती मिळेल काय? गिऱ्हाइके हे प्रश्न विचारू लागली, की दुकानदाराला उत्तरे तयार ठेवावी लागतील. ज्या गावाचे नाव त्याला घ्यावे लागेल, त्या गावच्या कारागिरालाही मग आपल्या मजुरीचा शब्द काढायला थोडे बळ येईल.