जेन जेम्सचा अर्ज

अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या मॉर्मन बायकांच्या रोजनिशा वाचायचा नाद मला फार जुना आहे. बैलगाड्या, ताप, बाळंतपणं, वाटेत पुरलेली मुलं. त्यातली एक नोंद मनात रुतून बसली. एप्रिल १८४९. सॉल्ट लेक खोऱ्यात एलायझा लायमनच्या घरातलं पीठ संपलं आहे, नवरा कॅलिफोर्नियाला गेला आहे, आणि जेन जेम्स नावाची काळी बाई तिला दोन पौंड पीठ देते. जेनच्या घरात होतं त्यातलं ते जवळजवळ निम्मं, असं एलायझानंच लिहून ठेवलं आहे.

या जेननं म्हातारपणी आपली हकिगत एलिझाबेथ राउंडी हिला सांगून लिहवून घेतली. जन्म कनेटिकटमधला, घराणं स्वतंत्र काळ्यांचं, लहानपणापासून गोऱ्यांच्या घरी चाकरी. १८४३ मध्ये मॉर्मन या नव्या धर्माच्या ओढीनं ती आई आणि भावंडांसह मॉर्मनांच्या नॉव्हू गावी निघाली. वाटेत त्यांना बोटीवर घेतलं नाही. ही माणसं आठशे मैल चालली. जोडे फाटले, पाय फुटले, रक्ताची पावलं जमिनीवर उमटू लागली. तेव्हा सगळ्यांनी थांबून प्रार्थना केली आणि पाय बरे झाले, असं जेन सांगते.

नॉव्हूत ती मॉर्मनांचा प्रेषित जोसेफ स्मिथ याच्या घरी कामाला राहिली. एके दिवशी त्याची बायको एमा हिनं तिला विचारलं, ‘आमची लेक म्हणून आमच्यात येशील का?’ जेनला त्याचा अर्थच उमगला नाही. ती नको म्हणाली. या प्रसंगाला तिच्या सांगण्याखेरीज दुसरा पुरावा नाही. तरी मी तो खरा मानते. खोटं रचणाऱ्या बाईनं स्वतःचा नकार कशाला रचला असता?

१८४४ मध्ये जमावानं जोसेफचा खून केला. नवरा आयझॅक आणि मुलांसह जेन सप्टेंबर १८४७ मध्ये सॉल्ट लेक खोऱ्यात पोचली. पुढे शेती, धुणी, संसार; नवरा सोडून गेला, वीसेक वर्षांनी परतला आणि लवकरच वारला. आठ मुलांपैकी दोघंच तिच्या मागे उरली.

मॉर्मनांच्या श्रद्धेनुसार मंदिरातल्या विधीनं जोडलेली नातीच मरणापलीकडे टिकतात, आणि काळ्यांना त्या विधींची बंदी होती. म्हणून जेननं लेखणी धरली. स्वतः नाही तर दुसऱ्याकडून लिहवून. डिसेंबर १८८४ मध्ये तिनं चर्चचे अध्यक्ष जॉन टेलर यांना विचारलं: अब्राहामाच्या वंशातून पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वाद पावतील असं देवाचं वचन आहे, मग माझ्या वाट्याला काहीच नाही का? धर्मग्रंथाचा आधार घेऊन केलेला हा बिनतोड युक्तिवाद आहे. एमानं विचारलेली गोष्टही तिनं पुढे केली: जोसेफची लेक म्हणून मला जोडा.

चर्चनं उत्तर दिलं ते १८ मे १८९४ रोजी. सॉल्ट लेकच्या मंदिरात तिला जोसेफ स्मिथशी कायमचं जोडलं गेलं, पण सेविका म्हणून. तो विधी तिच्यासाठी मुद्दाम तयार केला होता आणि तिलाच आत येऊ दिलं नाही. तिच्या जागी बाथशेबा स्मिथ ही गोरी बाई उभी राहिली. काही अभ्यासक याला त्या काळातली तडजोड म्हणतात. मला ते मान्य नाही. जिनं लेकीची जागा मागितली, तिला अनंतकाळाची चाकरी देणं हा अपमानच.

जेननंही ते पुरेसं मानलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती टेलरनंतरचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांच्याकडे पुन्हा गेली. तिला नकार दिल्याचं त्यांच्याच रोजनिशीत आहे. दृष्टी अधू होत गेली, तरी तिची मागणी थांबली नाही. एप्रिल १९०८ मध्ये ती वारली. अंत्यविधीला भाषण केलं ते जोसेफ एफ. स्मिथ यांनी, तेव्हाच्या अध्यक्षांनी; १८९४ च्या विधीत जोसेफच्या जागी तेच उभे होते.

चर्चनं वर्णाची बंदी जून १९७८ मध्ये उठवली. पुढच्या वर्षी जेनच्या नावानं, दुसऱ्या बाईला तिच्या जागी उभं करून, मंदिरातले विधी करण्यात आले.