शहराचं मोजमाप (भाग ७) : मुंबईचा मध्य कुठे धरायचा?

गेल्या आठवड्यात आपण शहराची हद्द कशी ठरते ते पाहिलं. हद्द ठरली की मध्य आपोआप सापडेल, असं वाटणं साहजिक आहे. पण मुंबई हातात घेतली की हा हिशेब लगेच अडतो. या शहराचे निदान चार मध्य दाखवता येतात. त्यांतला कुठला खरा मानायचा हे ठरवण्याआधी, अंतर कुणाचं मोजतोय ते सांगावं लागतं.

सगळ्यात जुना मध्य फोर्टमध्ये आहे. हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस चर्च १७१८मध्ये उपासनेसाठी खुलं झालं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरातले मैल या चर्चपासून मोजले जाऊ लागले. काळबादेवीपासून उत्तरेकडे ठिकठिकाणी रोमन आकडे कोरलेले मैलाचे दगड रोवले गेले, त्यांतले काही आजही फुटपाथच्या कडेला उभे आहेत. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून चर्चकडे जाता येई तो चर्चगेट. तट १८६०च्या दशकात पाडले, दरवाजा गेला, नाव मात्र लोकलच्या पाट्यांवर राहिलं. रेल्वेनेही मोजणीची हीच दिशा ठेवली. मध्य रेल्वेचे किलोमीटर सीएसएमटीपासून सुरू होतात, उपनगरी पश्चिम रेल्वेचे चर्चगेटपासून. रुळांकडेच्या विजेच्या खांबांवरचे आकडे गाडीतून वाचत गेलात तर दादरजवळ नऊ, कुर्ल्याजवळ पंधरा आणि कल्याणला चोपन्नच्या आसपासचे किलोमीटर दिसतील.

बंदर, वखारी, टाउन हॉल, कचेऱ्या हे सगळं जेव्हा फोर्टमध्ये होतं, तेव्हा तिथून मोजणं योग्यच होतं. शहर मात्र वाढलं ते एकाच बाजूला, कारण उरलेल्या तिन्ही बाजूंना पाणी. महापालिकेची हद्द १९५०मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, १९५७मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. शून्य जागेवरच राहिला आणि शहर त्याच्यापासून दूर सरकलं.

आता भूमितीला विचारू. बृहन्मुंबईचा नकाशा जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि हद्दीवरून कापून घ्या. कडेला एक छिद्र पाडून पुठ्ठा टाचणीवर मोकळा टांगा, त्याच टाचणीला ओळंबा सोडा आणि दोऱ्याची रेघ आखा. दुसऱ्या छिद्रातून तेच पुन्हा करा. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो क्षेत्रफळाचा मध्य. मुंबईच्या बाबतीत तो ढोबळमानाने मरोळ-पवईच्या भागात येतो. घरी मुलांबरोबर हा प्रयोग जरूर करा, फोर्ट त्या छेदापासून किती लांब राहतो हे डोळ्यांना दिसतं. मात्र पुठ्ठ्याला माणसं माहीत नसतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या निर्मनुष्य डोंगराचं आणि धारावीच्या दाटीचं वजन त्याच्या लेखी सारखंच.

म्हणून लोकसंख्येचा मध्य वेगळा काढतात. प्रत्येक रहिवाशाला एक सारखं वजन द्यायचं आणि मग तोल साधायचा. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसं होती, उपनगर जिल्ह्यात साडेत्र्याण्णव लाखांच्या आसपास. म्हणजे चारांतले तीन मुंबईकर माहीम-शीवच्या पलीकडचे. वर २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहर जिल्ह्याची वस्ती घटली. राष्ट्रीय उद्यानाचं वजन इथे गळून पडतं, दक्षिणेकडच्या दाट वस्त्यांचं वाढतं, त्यामुळे हा मध्य पुठ्ठ्याच्या मध्यापेक्षा खाली, साधारण विमानतळाच्या बाजूला सरकतो. म्हणजे तोल जिथे साधतो तिथे आहे धावपट्टी, आणि तिला वळसा घालूनच सगळ्यांना पुढे जावं लागतं.

कामधंद्याच्या मध्याबद्दल थोडक्यात सांगतो. रेमंड मर्फी आणि जेम्स व्हान्स या भूगोलतज्ज्ञांनी १९५४मध्ये नऊ अमेरिकी शहरांच्या व्यापारी गाभ्याची सीमा आखायची पद्धत मांडली. रस्त्यांनी वेढलेल्या प्रत्येक ठोकळ्यातली किती मजले-जागा व्यापाराकडे आहे ते मोजायचं आणि ठरावीक प्रमाणाच्या वरचे सलग ठोकळे गाभ्यात धरायचे. मुंबईत ही पद्धत लावली तर सलग असा एक गाभा मिळणारच नाही. फोर्ट-नरिमन पॉइंट आहे, गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या जाऊन कचेऱ्या आलेलं लोअर परळ आहे, आणि दक्षिण टोकावरचा भार हलका व्हावा म्हणून उभं केलेलं वांद्रे-कुर्ला संकुल आहे.

मला महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा मध्य, प्रवासाचा. सगळ्यांच्या येण्याजाण्याची बेरीज जिथे कमीत कमी होते ती जागा. ती सरासरीच्या जागेहून वेगळी असते, आणि हा फरक एकदा नीट समजून घेण्यासारखा आहे. एका रेल्वेमार्गावर पाच घरं आहेत असं समजा : ०, १०, २०, ३० आणि ९० किलोमीटरवर. सरासरी ३० येते. दवाखाना तिथे काढला तर पाचही घरांच्या अंतरांची बेरीज १२० किलोमीटर होते. तोच मधल्या घराजवळ, २० वर काढला तर ११०. लांबचं एकटं घर सरासरीला आपल्याकडे ओढतं, बेरजेला तितकं ओढत नाही. सपाट पृष्ठभागावर हेच गणित अवघड होतं. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९मध्ये कारखान्याची जागा ठरवताना ते मांडलं होतं.

मुंबईत हे अंतर किलोमीटरऐवजी मिनिटांत मोजावं लागेल, आणि महापालिकेची हद्द ओलांडावी लागेल. डोंबिवली, विरार, पनवेल इथून रोज येणारी माणसं या शहराचीच आहेत. महानगर प्रदेशातल्या नऊही महापालिका हिशेबात घेतल्या तर माझ्या मते दोनच नावं उरतात : दादर आणि कुर्ला. दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे भेटतात, पण हार्बरची गाडी तिथे येत नाही. कुर्ल्याला मध्य आणि हार्बर भेटतात, पश्चिम रेल्वे नाही. आजवर लोकांनी दादरला कौल दिला. पण नवी मुंबई, पनवेल आणि कल्याणच्या पलीकडची वाढ पाहता, आणि वांद्रे-कुर्ला संकुल शेजारी असताना, पारडं कुर्ल्याकडे झुकतं. तिथून जाणारी मेट्रो २ब पूर्ण झाली की पश्चिमेकडची उणीवही बरीच भरून निघेल.

हे मान्य केलं तर काही गोष्टी ओघाने येतात. लाखोंच्या ये-जा करण्याच्या जागेला अरुंद पूल, आणि स्टेशनबाहेर संकुलाकडे जाण्यासाठी शेअर रिक्षाची रांग, हे चालणार नाही. वांद्रे-कुर्ला संकुल आखताना चकचकीत इमारतींना जितकी जागा दिली, त्याच्या तुलनेत स्टेशनापासून तिथवर पायी येणाऱ्याला फारच कमी दिली, आणि ही चूक अजून दुरुस्त करता येते. रुंद, सलग, सावलीचा पादचारी मार्ग, रिक्षा-बससाठी नीट आखलेली जागा आणि फलाटांना जोडणारे आणखी पूल ही कामं एका उड्डाणपुलाच्या खर्चात बसणारी आहेत. नव्या सरकारी कचेऱ्या, मोठी रुग्णालयं, परीक्षा केंद्रं कुठे काढायची याचा विचारही फोर्टपासून न करता इथून करायला हवा. पनवेलहून रुग्णाला घेऊन निघालेल्या माणसाचा अर्धा तास त्यात वाचू शकतो.

पुढच्या भागात : शहरातली अंतरं मिनिटांत कशी मोजतात आणि समान वेळेचे नकाशे कसे काढतात.