सीझन संपला की पगारही थांबतो: कोकणच्या पर्यटनात कामगार नेमका कुठे आहे?

मे महिना संपत आला की मालवणच्या किनाऱ्यावर आवराआवर सुरू होते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात जलक्रीडा आणि पर्यटकांची होडी वाहतूक बंद ठेवली जाते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. स्कूबाचं सामान गोदामात जातं. तारकर्ली, देवबागच्या बऱ्याच खोल्यांना कुलूप लागतं.

बंदी योग्यच आहे, त्यावर वाद नाही. मे २०२२ मध्ये, बंदी लागू होण्याच्या तोंडावर, तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. समुद्राशी खेळ नको, हे इथल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही.

प्रश्न वेगळा आहे. या तीन महिन्यांत होडीवरचा खलाशी, हॉटेलातला आचारी, वाढपी, खोल्या साफ करणारी बाई यांचं घर कशावर चालतं? मालकाचा धंदा पावसाळ्यात मंदावतो. कामगाराचा पगार मात्र थांबतो. आणि पर्यटन वाढावं म्हणून गेल्या काही वर्षांत जे निर्णय झाले, त्यांत या माणसाचं नाव फारसं कुठे दिसत नाही.

पर्यटन जिल्हा झाला, पुढे काय झालं?

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. १९९७ मध्ये त्याला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर करण्यात आलं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि जून २०२३ मध्ये मुंबई-गोवा वंदे भारत सुरू झाली.

एकेकाळी इथला तरुण शाळा संपली की मुंबईची गाडी पकडायचा आणि गणपतीला, शिमग्याला चाकरमानी म्हणून परत यायचा. पर्यटनामुळे त्यातल्या काहींना गावातच काम मिळालं. घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन न्याहारी-निवास सुरू झाले, अंगणात मालवणी थाळी मिळू लागली. एमटीडीसीने तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण देणारी संस्था उभी केली.

म्हणजे पर्यटनाने रोजगार दिला, हे खरंच आहे. पण तो वर्षातले साधारण आठ महिने पुरतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत हाताला काम, पुढे ज्याचं त्याने बघायचं.

उद्योगाने काय मागितलं आणि काय मिळालं?

हॉटेल आणि पर्यटन व्यवसायाच्या संघटना बऱ्यापैकी संघटित आहेत आणि मागण्या लावून धरतात. राज्य सरकारने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा १४ जुलै २०२५ रोजी 'आहार' संघटनेच्या हाकेवर हॉटेल-बार चालकांनी एक दिवस बंद पाळला. यात गैर काही नाही. आपल्या व्यवसायाची बाजू मांडणं हे संघटनेचं कामच आहे.

यातल्या काही मोठ्या मागण्या मान्यही झाल्या:

• उद्योगाचा दर्जा. महाराष्ट्राने आतिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला. १ एप्रिल २०२१ पासून दर्जा ठरलेल्या आणि नोंदणी झालेल्या हॉटेलांना वीज, पाणी, मालमत्ता कर वगैरे व्यापारी दराऐवजी औद्योगिक दराने लागू करण्याचं ठरलं.

• जीएसटीत कपात. ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. मात्र त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही.

• नवं धोरण. २०२४ च्या राज्य पर्यटन धोरणात दहा वर्षांत १ लाख कोटींची खासगी गुंतवणूक आणि १८ लाख रोजगारांचं उद्दिष्ट आहे.

• महिलांसाठी 'आई' धोरण. २०२३ च्या या धोरणानुसार पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळू शकतो.

चारही निर्णय चांगले आहेत. पण पहिले तीन नीट वाचले की एक गोष्ट लक्षात येते. सवलत खोलीला, विजेच्या मीटरला आणि गुंतवणुकीला मिळते. त्या बदल्यात किती कामगार कागदावर आणले, हा प्रश्न मध्ये येत नाही. आणि १८ लाख रोजगार म्हणजे बारा महिन्यांचे की आठ, हा फरक तर एका आकड्यात मावतच नाही.

कायदे आहेत, मग अडतं कुठे?

अडतं ते आकड्यावर. राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना त्याचा लाभ मिळतो. भविष्य निर्वाह निधीसाठी ही मर्यादा वीस कामगारांची आहे. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा दहा कामगारांपासून पूर्णपणे लागू होता. ही मर्यादाही वीसवर नेण्याचा निर्णय २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला.

आता कोकणातलं चित्र बघा. चार खोल्यांचं न्याहारी-निवास, सहा टेबलांची खानावळ, दोन होड्यांचा व्यवसाय. दहा कामगारांचा आकडा इथे क्वचितच गाठला जातो. त्यामुळे स्वयंपाकघरात हात भाजला किंवा होडी ओढताना पाय मोडला, तर उपचार मालकाच्या भलेपणावर अवलंबून राहतात.

दुसरी अडचण म्हणजे माणूस एका ठिकाणी टिकत नाही. दिवाळीत एका हॉटेलात, मेमध्ये दुसऱ्या, पुढच्या वर्षी गोव्यात. हॉटेलांमध्ये परराज्यांतून आणि नेपाळमधून आलेली मुलंही मोठ्या संख्येने आहेत. त्यांची नोकरीची सलग नोंद कुठेच तयार होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत दहापेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला स्वेच्छेने ईएसआयमध्ये येण्याची सोय आहे. पण 'स्वेच्छेने' या शब्दावर किती भरवसा ठेवायचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

तिसरी अडचण घरातली आहे. न्याहारी-निवासात पहाटे उठून घावणे करणारी, चादरी धुणारी घरची सून कामगार म्हणून मोजलीच जात नाही. ती मालकीणही नसते, कारण घर सासऱ्यांच्या नावावर असतं.

छोट्या मालकाची बाजूही खरी आहे

यावर मालक म्हणतील, 'आमचंच भागत नाही, तर वर्षभर पगार कुठून देणार?' हे बहाणं नाही. चार खोल्या असलेला माणूस स्वतःच आचारी असतो, स्वतःच रूम बॉय आणि स्वतःच गाडी घेऊन कुडाळ स्टेशनला जाणारा. आठ महिन्यांच्या कमाईत त्याला कर्जाचा हप्ता फेडायचा असतो आणि खाऱ्या हवेने खाल्लेले पत्रे, खिडक्या बदलायच्या असतात. त्याच्यावर मोठ्या हॉटेलाचे सगळे नियम लादले, तर तो नोंदणीच टाळेल.

म्हणून उपाय असा हवा, जो एका मालकाच्या खिशावर टेकणार नाही.

उपाय महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे

रोज वेगळ्या व्यापाऱ्याचं ओझं उचलणाऱ्या हमालाचा मालक नेमका कोण, हा प्रश्न महाराष्ट्रासमोर आधीच आला होता. अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्यातली कल्पना साधी होती. कामगाराची नोंद मंडळाकडे, व्यापारी मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरणार, आणि भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटीसारखे लाभ मंडळ देणार. मालक बदलला तरी कामगाराचं खातं बदलत नाही. बांधकाम कामगारांसाठीही अशीच व्यवस्था आहे. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेल्या बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकरातून त्यांचं कल्याण मंडळ उभं राहिलं.

पावसाळ्यातल्या बंदीचं उदाहरणही त्याच किनाऱ्यावर सापडतं. मासेमारी बंदीच्या काळासाठी केंद्राची बचत-सह-मदत योजना आहे. पात्र मच्छीमार वर्षभरात १,५०० रुपये साठवतो, सरकार ३,००० घालतं, आणि बंदीच्या तीन महिन्यांत दरमहा १,५०० रुपये हातात येतात. रक्कम तुटपुंजी आहे, अटीही आहेत. पण सुरक्षेसाठी काम थांबवलं तर त्याचा भार एकट्या कष्टकऱ्यावर पडू नये, हे तत्त्व त्यात मान्य झालं आहे. तोच समुद्र, तोच पावसाळा. मग पर्यटकांच्या होडीवरच्या खलाशासाठी तसं काही का नसावं?

पैसा कुठून येईल, याचा एक कच्चा हिशोब मांडता येतो. २,००० रुपयांच्या खोलीवर आधी २४० रुपये जीएसटी लागायचा, आता १०० लागतो. ग्राहकाचे १४० रुपये वाचले. त्यातले फक्त १० रुपये कामगार निधीत गेले असं समजा. वीस खोल्यांचं हॉटेल २४० दिवसांच्या सीझनमध्ये सरासरी निम्मं भरलं, तर २४,००० रुपये जमतात. तिथे आठ कामगार असतील तर प्रत्येकी ३,००० रुपये, म्हणजे मच्छीमार योजनेत सरकार घालतं तेवढेच. हा पगार नव्हे, पण शून्यही नाही.

यासोबत सवलतींना अट जोडता येईल. ज्या हॉटेलाला औद्योगिक दराने वीज हवी, त्याने आपल्या प्रत्येक हंगामी कामगाराची नोंद दाखवावी. पावसाळ्याचं पर्यटन वाढवणं हाही मार्ग आहे. समुद्र बंद असतो तेव्हाच आंबोलीचे धबधबे पाहायला गर्दी उसळते. किनाऱ्यावरच्या प्रशिक्षित माणसांना तिथे गाईड आणि सुरक्षारक्षक म्हणून काम देता येईल.

पर्यटकाच्या बिलाचा याच्याशी काय संबंध?

हॉटेलच्या बिलात 'सर्व्हिस चार्ज' दिसला की तो वाढप्याला मिळतो, असं अनेकांना वाटतं. तशी खात्री नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, की हा आकार आपोआप बिलात लावता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. म्हणजे तो काढायला सांगण्याचा हक्क ग्राहकाला आहे. सेवा आवडली तर टीप थेट वाढणाऱ्याच्या हातात देता येते.

पण टीप हे पर्यटकाचं सौजन्य आहे, कामगाराचा हक्क नाही. हक्क नोंदणीतून येतो. असंघटित कामगारांसाठी २०२१ पासून ई-श्रम पोर्टल आहे आणि १६ ते ५९ वयाच्या कामगाराला तिथे मोफत नोंदणी करता येते. पहिली पायरी म्हणून तेवढं तरी प्रत्येक मालकाने करून द्यावं, यात खर्च काहीच नाही.

कोकणात माणूस येतो तो समुद्रासाठी आणि परत येतो तो जेवण आणि पाहुणचारासाठी. तो पाहुणचार करणारी अनुभवी माणसं दर पावसाळ्यात दुसरं काम शोधायला निघून गेली, तर नुकसान हॉटेलवाल्याचंही आहे, कारण ऑक्टोबरमध्ये त्याला नव्या माणसाला पहिल्यापासून शिकवावं लागतं. त्यामुळे पुढच्या वेळी पर्यटनासाठी नवी सवलत जाहीर होईल, तेव्हा मालकांच्या संघटनांनीही सरकारला एक प्रश्न विचारायला हवा: यात जून, जुलै आणि ऑगस्टसाठी काय आहे?